कोरांटीचे पाणी तोडा

प्रश्न : कोथरूडमधील आमच्या बंगल्याच्या दक्षिणेकडील कुंपणालगत 15 फूट लांबीचा वाफा आहे. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागत असल्याने, कमी पाण्यावर तगणारे इथलेच झुडूप म्हणून गेल्या जुलैमध्ये पिवळ्या कोरांटीची 6 रोपे लावली. शेणखत भरपूर घातले आणि रोज संध्याकाळी पाणी दिले. रोपे उंच झाली, पण हिवाळ्यात मोजकीच फुले आली आणि आता खालची पाने पिवळी पडून गळत आहेत. आमचे काय चुकले?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कोरांटीची निवड अगदी योग्य आहे, चुकले ते रोजचे पाणी आणि भरपूर शेणखत. वेताळ टेकडीवर मुरमाच्या उतारावर हीच कोरांटी आपण पाहिली असेल. पावसाळ्याचे 4 महिने मिळेल तेवढ्या पाण्यावर ती वाढते, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून फुलू लागते आणि पुढचा सगळा कोरडा काळ खोल गेलेल्या मुळांवर काढते. रोज वरवर पाणी मिळाले की मुळे वरच्याच थरात राहतात, आणि काळी माती सतत ओली राहिली तर ती गुदमरून कुजू लागतात. पाने पिवळी पडण्याचे कारण बहुधा हेच असावे. खताच्या जोरावर पालाच माजतो.

सध्या आठवडाभर पाणी पूर्ण बंद ठेवा. नंतर बोटभर खोल उकरून पाहा आणि माती कोरडी लागली तरच सावकाश, खोल मुरेल असे पाणी द्या. लागवडीनंतरचा पहिला उन्हाळा मात्र रोपांना सांभाळावाच लागतो, तेव्हा 8-10 दिवसांनी एकदा पाणी चुकवू नका. पुढच्या वर्षापासून तेही हळूहळू तोडता येईल. उन्हाळ्यात थोडी पानगळ होईल, तिने घाबरून जाऊ नये. वाफ्यात पाणी साचत असेल, तर पावसाआधी मातीत मुरूम मिसळून वाफा वीतभर उंच करावा.

फुले फांद्यांच्या शेंड्यांकडे येतात, म्हणून जूनच्या तोंडावर उंच फांद्या एक तृतीयांश छाटा, म्हणजे बाजूने नवे शेंडे फुटतील. त्याच फांद्यांचे वीतभर तुकडे पावसाळ्यात मातीत खोचले तर नवी रोपे मिळतात, त्यामुळे टेकडीवरची झाडे उपटून आणण्याची गरज नाही, आणि कृपा करून कोणीही तसे करू नये. पानांच्या बेचक्यात बारीक, टोकदार काटे असतात. छाटताना जाड हातमोजे घालावेत आणि लहान मुलांच्या वाटेवर हे झुडूप नसावे.

पानांवर काटेरी, काळपट सुरवंट दिसले तर फवारणी करू नका. पॅन्सी जातीची फुलपाखरे कोरांटीवर अंडी घालतात, आणि चार पाने कुरतडली गेल्याने झुडपाचे काही बिघडत नाही. मला तर त्या सुरवंटांसाठीच कोरांटी लावावीशी वाटते.

फुलोरा सरल्यावर वाळलेली बोंडे तडकून चपट्या बिया दूर उडतात, तेव्हा काही बोंडे आधीच कागदी पिशवीत काढून ठेवा. एक बी तळहातावर घेऊन तिच्यावर पाण्याचा थेंब सोडून पाहा : अंगाला चिकटलेली लव क्षणात उभी राहते आणि बी बुळबुळीत होते. पहिल्या पावसात ती मातीला अशीच धरून राहते.