किनाऱ्यावरून आणलेलं लाकूड आणि शंख-शिंपले घरात मांडलेत, पण वास येतो. काय करावं?

वास येतो कारण आतलं मीठ आणि उरलेसुरले जीव निघालेले नसतात. लाकूड बादलीत गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, वर दगड ठेवा, पाणी रोज बदला. आठ-दहा दिवस तरी लागतात. ही पायरी टाळू नका. लाकडात मीठ राहिलं की पावसाळ्यात ते हवेतला ओलावा ओढतं आणि भिंतीला टेकवलेल्या जागी डाग पडतो. माझ्या दिवाणखान्यात तसा तळहाताएवढा डाग पडला होता. नंतर सावलीत वाळवा, कडक उन्हात ते तडकतं. खाली पिठासारखा भुसा पडू लागला, तर आत कीड आहे. लगेच घराबाहेर काढा.

शंख-शिंपले साध्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. व्हिनेगर अजिबात नको, शिंपला चुन्याचाच असतो, आम्लात विरघळतो आणि चकाकी जाते. चमक हवी असेल तर खोबरेल तेलाचं एक बोट पुरतं.

आणि एक कळकळीची विनंती. शंख उचलण्यापूर्वी उलटा करून थोडा वेळ थांबा. आतून बारीक नांग्या बाहेर आल्या, तर ते शंखातल्या खेकड्याचं घर आहे, तिथेच ठेवा. प्रवाळ तर वाहून आलेलंही आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. सुगरणीचा खोपासुद्धा झाडावरून तोडायचा नाही, वाऱ्याने खाली पडलेला मिळाला तर जरूर आणा. खिडकीपाशी टांगल्यावर त्याची वीण बघत बसावंसं वाटतं.