पागोळ्या अडवल्या म्हणून भावकीची नोटीस

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात आमचं कौलारू घर आहे. १९९४ साली वाटणी झाली, तेव्हा मागची वाडी आणि विहीर चुलतभावाकडे गेली. घराच्या मागच्या पाख्याच्या (छपराच्या उतरत्या बाजूच्या) पागोळ्या त्याच्या वाडीत पडतात. उन्हाळ्यात पाण्याचे हाल होतात, म्हणून यंदा त्या बाजूला पन्हळ लावून पाणी १०,००० लिटरच्या टाकीत घेतलं. आता चुलतभावाची वकिलामार्फत नोटीस आली आहे. या पाण्यावर त्याची विहीर भरते, ती तीस वर्षांची वहिवाट आहे, पंधरा दिवसांत पन्हळ काढा, नाहीतर तहसीलदारांकडे आणि कोर्टात जाऊ, असं त्यात म्हटलंय. टाकी भरली की जादा पाणी पाइपने त्याच्या कुंपणाकडे जातं, त्याचीही तक्रार आहे. काय करावं?

उत्तर : पन्हळ काढू नका. पाइप मात्र आजच फिरवा.

पाणी अडवलं हीही तक्रार आणि पाणी सोडलं हीही तक्रार, अशी गमतीची नोटीस आहे. तिचा पहिला भाग पोकळ आहे, दुसऱ्यात दम आहे.

आपल्या हद्दीत पडलेलं, ठरावीक प्रवाहातून न वाहणारं पाणी आपल्याच हद्दीत साठवण्याचा हक्क मालकाला आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ (आपल्या मालमत्तेच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या जमिनीवर असणाऱ्या हक्कांचा कायदा; कोर्टात सगळे इझमेंट अ‍ॅक्टच म्हणतात) याच्या कलम ७ मधल्या उदाहरणांत तो स्पष्ट दिला आहे. राहिली तीस वर्षांची वहिवाट. वीस वर्षांच्या वापराने बरेच हक्क मिळतात, पण कलम १७ त्यातले काही वगळतं. ओढ्यातून न वाहणारं आणि तळ्यात किंवा टाकीत कायम न साठलेलं पृष्ठभागावरचं पाणी या वगळलेल्यांत येतं. तुमच्या कौलांवरचं पाणी त्याच प्रकारचं. ते शंभर वर्षं विहिरीत मुरलं असतं तरी ‘यापुढेही सोडा’ असा हक्क तयार झाला नसता. पागोळ्या पाडण्याचा हक्क असलाच तर तो तुमच्या घराचा आहे आणि वाडीवर ते ओझं आहे. ज्याच्यावर ओझं आहे त्याला ते चालू ठेवा असा आग्रह धरता येत नाही, हे कलम ५० सांगतं.

तहसीलदारांची धमकीही फार मनावर घेऊ नका. मामलेदार (म्हणजे तहसीलदार) न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली शेतजमिनीवरच्या पाण्याचा नैसर्गिक निचरा कोणी अडवला आणि त्याने जमिनीचं नुकसान झालं किंवा होण्याचा संभव असला, तर तो अडथळा काढायचा आदेश मिळतो. घराच्या पन्हळीला हे लावणं म्हणजे ओढूनताणून केलेला अर्थ.

आता पाइप. मागचं पाखं ४० चौरस मीटरचं धरू. एक मिलिमीटर पावसात एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडतं. म्हणजे २५० मिलिमीटर पावसात तुमची टाकी काठोकाठ भरणार, आणि कोकणात तेवढा पाऊस जूनमध्येच होऊन जातो. मोसमाचा ३,००० मिलिमीटर धरला तर त्या पाख्यावर १,२०,००० लिटर पाणी येतं. टाकीपुरतं सोडून बाकी सगळं, आधी पाखाभर विखरून ठिबकणारं पाणी, आता तीन महिने एकाच तोंडाने त्याच्या कुंपणाच्या पायाशी आदळणार. सुविधाधिकार अधिनियमाच्याच कलम २३ प्रमाणे सुविधाधिकार वापरण्याची पद्धत बदलता येते, पण शेजाऱ्याच्या जमिनीवरचं ओझं वाढता कामा नये. उद्या तिथली माती खचली किंवा गडगा (दगडी बांध) कोसळला, तर नुकसानभरपाई तुमच्या गळ्यात पडेल. जादा पाणी स्वतःच्या हद्दीत शोषखड्ड्यात घ्या, नाहीतर पुढच्या गटाराकडे न्या.

एक पेच नोटिशीत नाही, पण माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. उद्या पन्हळ मोडली आणि पागोळ्या पुन्हा वाडीत पडू लागल्या, तर तुमचा चुलतभाऊ हरकत घेईल. वहिवाटीने मिळणाऱ्या हक्कासाठी कलम १५ मध्ये अट आहे, की वीस वर्षांचा काळ दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला हवा. मागच्या पाख्याच्या पागोळ्या चार-पाच वर्षं पूर्ण बंद राहिल्या, तर जुन्या वहिवाटीवर बोट ठेवणं अवघड जाईल. म्हणून वाटणीपत्र काढा. वाटणीच्या वेळी जी सोय उघड दिसणारी, सतत चालणारी आणि आपला हिस्सा पूर्वीसारखा वापरायला आवश्यक होती, ती कलम १३ प्रमाणे हिस्स्याबरोबर येते. वाटणीपत्रात उलट काही लिहिलेलं नसेल, तर वीस वर्षं मोजत बसायची गरजच उरत नाही.

नोटिशीला मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या, गप्प बसू नका. दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई मिळणार नाही. कॅव्हेट ९० दिवस चालतं, पावसाळा मोठा असतो, मुदत संपली की नवीन लावा. पन्हळ, टाकी आणि कुंपण यांचे तारखेसकट फोटो काढून ठेवा.

भावकी टिकवायची असेल तर जादा पाणी गाळून त्याच्या विहिरीत सोडायची तयारी दाखवा. पहिल्या पावसात कौलांवरचं शेवाळ आणि पक्ष्यांची घाण धुऊन येते, ते पाणी वेगळं काढायची तोटी आधी बसवा, नाहीतर विहीर नासवल्याची तिसरी तक्रार येईल. साध्या कागदावर दोघांनी सही करा आणि त्यात स्पष्ट लिहा, की हे पाणी परस्परांच्या परवानगीने सोडलं जातं, हक्काने नाही. कायमचा हक्क लिहून द्यायचा असेल तर मात्र रीतसर दस्त करून तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागेल. तो करायच्या आधी वाटणीपत्र आणि मोजणीचा नकाशा आपल्या वकिलांना दाखवा.