पहिली एडव्हेंचर बाईक घेतोयस ना, मग आधी हे वाच

भिया, पॉवरच्या मागे नको लागू. इंदूरजवळच्या जानापाव किंवा चोरलच्या कच्च्या रस्त्यावर बाईक आडवी झाली की उचलायची तुलाच आहे, आणि रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 जवळपास दोनशे किलोची आहे, हिरोची एक्सपल्स 200 त्याहून चाळीसेक किलो हलकी. घरच्या घरी काम करायचं असेल तर लिक्विड कूलिंग नसलेलीच बघ, रेडिएटर नाही, कूलंट नाही, पाण्याचा पंप नाही, बिघडायला तेवढ्या गोष्टी कमी. जुनी 411 मिळाली तर टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट ठरवणारे भाग) स्क्रू आणि लॉकनटचे आहेत, इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून रविवारी सकाळी पोहे होईपर्यंत सेट होतात (बरं, पहिल्यांदा दुपार होईल). शिवाय तिला मेन स्टँड आहे, चेन साफ करताना त्याची किंमत कळते. मी चेनकडे दुर्लक्ष केलं होतं, मांडूहून परतताना स्प्रॉकेटवरून उतरली आणि भर उन्हात दीड तास तिथेच. दोन्हींच्या स्पोकच्या चाकांत ट्यूब असते, म्हणून टायर लिव्हर, स्पेअर ट्यूब आणि छोटा पंप लागेलच, घरी एकदा चाक काढून बघ. जुनी घेताना स्टीअरिंग हेडच्या (हँडल जिथे फिरतं तिथल्या) बेअरिंगला खेळ आहे का ते पुढचा ब्रेक दाबून हँडल मागे-पुढे हलवून नक्की बघ, आणि इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला सांग.