ब्लॅडरमध्ये बोटॉक्सचं इंजेक्शन घ्यावं का? फार दुखतं का?

तुम्ही लिहिलंय वय 52, गोळ्या चालू आहेत तरी घाईची लघवी काही थांबत नाही, बाथरूमचं दार उघडेपर्यंत कपडे ओले होतात, आणि आता युरोलॉजिस्ट बोटॉक्स घ्या म्हणतायत. मी घेतलंय, एकापेक्षा जास्त वेळा, म्हणून लिहिते. डॉक्टर नाहीये मी.

बोटॉक्स म्हटलं की सगळ्यांना हिरॉइनींचं कपाळ आठवतं, माझ्या जावेने तर आतून सुरकुत्या काढतात का असं तोंडावर विचारलं होतं. औषध तेच, पण काम वेगळं. आपल्याला झालेलं असतं काय की लघवीची पिशवी (ब्लॅडर) धड भरलेली नसतानाच तिचा स्नायू आवळायला लागतो, आणि त्याला आवळ म्हणून सांगणारं जे रसायन नसांच्या टोकांतून सुटतं ते हे इंजेक्शन अडवतं. अमेरिकेत या त्रासासाठी 2013 मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे अगदी नवा प्रयोग वगैरे नाही.

दुखण्याचं म्हणाल तर आधी पिशवीत सुन्न करणारं औषध भरून वीसेक मिनिटं तसंच झोपवून ठेवतात, मग लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून आतल्या भिंतीत थोड्या थोड्या अंतरावर टोचतात, साधारण 20 ठिकाणी, मिळून 100 युनिट. स्क्रीन समोरच होता, मी बघत होते. एकेक टोचणी म्हणजे आतून कोणीतरी चिमटा काढल्यासारखं, काही कळतात काही कळतही नाहीत. पाय वर बांधून पडायची लाज मला जास्त वाटली खरं सांगायचं तर. नंतर एकदोन दिवस लघवी गुलाबी दिसते आणि जळजळते.

पण माझ्या मते तुम्ही चुकीच्या गोष्टीला घाबरताय. विचार करायचा तो नळीचा. औषध जरा जास्तच लागू पडलं तर पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, मग काही दिवस किंवा आठवडे स्वतःच बारीक नळी घालून लघवी काढावी लागते, सीआयसी म्हणतात त्याला. या औषधाच्या चाचण्यांमध्ये शंभरातल्या साधारण सहा जणांना नळी लागली होती, आणि त्या सहात मी पहिल्या वेळी होते 😅 झाली असं वाटायचं पण सोनोग्राफीत शिल्लक दिसायची. सिस्टरनी इंजेक्शनच्या आधीच शिकवून ठेवलं होतं म्हणून निभावलं: हात धुवायचे, समोर छोटा आरसा धरायचा, नळीला जेली लावायची, दुसरं टोक कमोडमध्ये सोडायचं, नळी आत गेली की धार आपोआप सुरू होते. सुरुवातीला रडू आलं, मग दात घासण्याइतकं सवयीचं झालं. पुढच्या वेळी लागलीच नाही. तर हे शिकायची तयारी नसेल तर इंजेक्शनला हो म्हणू नका, आणि जिथे हे शिकवतच नाहीत तिथे घेऊ नका असं मी तर म्हणेन.

दुसरं म्हणजे इन्फेक्शन. नळी लागो न लागो, युरिन इन्फेक्शनचं प्रमाण वाढतं, म्हणून आधी युरिन कल्चर, म्हणजे लघवीत जंतू आहेत का ती तपासणी करतात आणि त्यात काही निघालं तर तारीख पुढे ढकलतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगा, मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू दुबळे पडण्याचा आजार) असेल तर ते तर सांगाच.

फरक दोन आठवड्यांच्या आत पडतो. मला तर एसटीत बसताना आदल्या दिवसापासून पाणी बंद करायची सवय होती, ती सुटली, घाटात गाडी थांबवा म्हणून कंडक्टरला विनवायचं बंद झालं. पण कायमचं नाही हं हे, पाच-सहा महिन्यांनी ओसरतं, परत घ्यावं लागतं, दोन डोसमध्ये निदान 12 आठवडे जाऊ द्यावे लागतात. खर्च धरताना हे लक्षात ठेवा आणि डे-केअरमध्ये क्लेम बसतो का ते इन्शुरन्सवाल्यांना आधी लेखी विचारा.

गोळ्या कुठल्या घेताय ते लिहिलं नाहीये. सॉलिफेनासिनसारखी असेल आणि तोंड कोरडं, संडास घट्ट असं होत असेल तर मिराबेग्रॉन नावाचं औषध वेगळ्या जातीचं आहे, ते घेऊन बघायचं का ते डॉक्टरांना विचारा. आणि शुगर आहे का तेही सांगा, असेल तर लघवी तुंबायची, म्हणजे नळी लागायची शक्यता जास्त असते.