मास्टर्स करावं की सर्टिफिकेशन?

तुझा प्रश्न असा की कॉम्प्युटरची डिग्री झालीये, हेल्पडेस्कला नोकरी चालू आहे, आता इन्फर्मेशन सिक्युरिटीत मास्टर्स करू की सरळ सर्टिफिकेशन देऊ. मी मास्टर्स करून बरीच वर्षं या कामात आहे, टीमसाठी इंटरव्ह्यूही घेते, त्यामुळे स्पष्टच सांगते, मास्टर्स कर, पण सिलॅबस नीट वाचून मगच.

सिलॅबसमध्ये नुसती टूल्सची नावं दिसली तर तो कोर्स सोडून दे. टूल्स काय, दोन व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारे नकली कॉम्प्युटर) टाकून घरीसुद्धा शिकशील. एकट्याने नीट होत नाही ते ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क प्रोटोकॉल (मशीन एकमेकांशी बोलायचे नियम), क्रिप्टोग्राफी (माहिती गुप्त ठेवायचं गणित), आणि तेच पुढे कामाला येतं.

2014ला उघडकीला आलेली हार्टब्लीड नावाची चूक घे. ओपनएसएसएल म्हणजे वेबसाइटशी होणारं बोलणं गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर, त्यात समोरचा कॉम्प्युटर एक छोटा मेसेज पाठवायचा, सोबत त्याची लांबी सांगायचा, आणि सर्व्हरने तोच मेसेज परत द्यायचा. आता मेसेज एका बाइटचा आणि लांबी सांगितली जवळपास 64 केबी, तर सर्व्हर काही न तपासता शेजारची मेमरी उचलून देऊन टाकायचा, त्यात पासवर्ड, सेशन कुकी (लॉगिन चालू ठेवणारी खूण), कधी कधी प्रायव्हेट की, म्हणजे सर्व्हरची गुप्त किल्लीसुद्धा! मी इंटरव्ह्यूत विचारते, पॅच (चूक दुरुस्त करणारं अपडेट) टाकला, मग झालं का काम? बरेच जण हो म्हणतात. अरे पण ती की आधीच चोरीला गेली असेल तर? नवी की बनवायची, वेबसाइटची ओळख पटवणारं नवं सर्टिफिकेट घ्यायचं, जुनं रिव्होक म्हणजे रद्द करायचं, पासवर्ड बदलायला लावायचे. चुका शोधणारं स्कॅनर टूल हे सांगत नाही, मेमरी आणि की दोन्ही कळणाऱ्यालाच ते सुचतं.

आणि रिस्क मॅनेजमेंटचा पेपर ऑप्शनला टाकू नकोस, सगळे कंटाळतात त्याला. वॉनाक्राय हे फाइली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर मे 2017मध्ये पसरलं, मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आला होता, म्हणजे उपाय हातात असून मशीन तशीच पडून होती, कारण बऱ्याच ठिकाणी कुठलं मशीन कोणाचं, पॅच टाकायला ते बंद कधी करायचं, हे ठरवणारं कोणी नसतं. हे प्रश्न तुला रोज येणार.

थिसिसचा विषय छोटा घे, आणि गाइड कोण मिळणार ते ॲडमिशनआधीच विचार.

सर्टिफिकेशनचं म्हणशील तर सीआयएसएसपी या सिक्युरिटीतल्या अनुभवी लोकांच्या सर्टिफिकेशनला 5 वर्षांचा अनुभव लागतो, योग्य डिग्री असेल तर त्यातलं 1 वर्ष माफ होतं, त्यामुळे आत्ता त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पेनटेस्टिंगच, म्हणजे परवानगी घेऊन सिस्टिम फोडून बघायचं काम करायचं असेल तर त्याचं ओएससीपी हे सर्टिफिकेशन दे, परीक्षा जवळपास 24 तासांची प्रॅक्टिकल असते आणि वर रिपोर्टही लिहावा लागतो, तो रिपोर्ट लिहायची सवय फार उपयोगी पडते.

तोवर हेल्पडेस्क सोडू नकोस. लॉग (सिस्टिममध्ये काय काय घडलं त्याच्या नोंदी) बघायची परवानगी माग, आणि ॲडमिशन होईपर्यंत सी आणि पायथन पक्कं करून ठेव.