हाताच्या शिरा जपा: किडनी प्रत्यारोपणाविषयी प्रश्नोत्तरे

गेले काही महिने बहुतेक पत्रांत एकच वाक्य येतंय: 'शीर ब्लॉक आहे, आता किडनी बसणार नाही.' म्हणून आज हाच विषय.

प्रश्न : भावाच्या जांघेतली शीर बंद असल्याचं डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) आलं. प्रत्यारोपण होणारच नाही का? (लालबाग)

एवढ्यावरून कुणीही 'नाही' म्हणू नये. नवी किडनी ओटीपोटात, बहुधा उजवीकडे बसवतात आणि तिची शीर तिथल्या मोठ्या शिरेला जोडतात. ती बंद असली तर डावी बाजू बघतात. दोन्हीकडे अडचण असेल तर त्यांच्या वर पोटात असलेली महानीला (खालच्या अंगाचं रक्त हृदयाकडे नेणारी मुख्य शीर), क्वचित रुग्णाच्या स्वतःच्या किडनीची शीर किंवा आतड्यांकडून यकृताकडे जाणारी शीर वापरतात. हे अवघड काम आहे, अनुभवी सर्जनकडेच व्हावं. डॉपलरला जांघेतलं नीट दिसतं, ओटीपोटातलं आतड्यातल्या हवेमुळे निसटतं. सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी (शिरांचा स्कॅन) लागेल का ते नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीतज्ज्ञांना) विचारा आणि प्रत्यारोपण सर्जनकडे जाताना नुसता रिपोर्ट नको, सीडीही न्या.

प्रश्न : पायात पूर्वी गुठळी झाली होती. सांगायला हवं का?

हो, पहिल्याच भेटीत. रक्त गोठण्याचा दोष आहे का, हे शस्त्रक्रियेआधी तपासावं लागतं.

प्रश्न : वडिलांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ७ आहे. डॉक्टर फिस्टुला करा म्हणतात. मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे, तोवर थांबलं तर? गरज पडलीच तर डायलिसिससाठी जांघेत नळी टाकता येते ना? (डोंबिवली)

थांबू नका. फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडणं. ती सुई टोचण्याजोगी व्हायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. तेवढ्यात अचानक दम लागला, की रात्री अपरात्री नळी टाकावी लागते. आणि जांघेतून घातलेली नळी त्याच शिरेच्या वाटेवर जाते, जिला उद्या नवी किडनी जोडायची असते. नळी शिरेला आतून घासते, तिथे गुठळी धरते, व्रण होतो, वाट अरुंद होते. गळपट्टीच्या हाडाखालून टाकलेल्या नळीने हाताकडची वाट बुजते, मग त्या हातावर फिस्टुला टिकत नाही.

मध्यंतरी विरारहून एक रिक्षाचालक आले. शर्ट वर केला तर बेंबीखालून बरगड्यांपर्यंत निळ्या, फुगलेल्या शिरांचं जाळं. आतली वाट बुजली की रक्त असं पोटावरून वर जातं. उजव्या जांघेत नळीचे तीन व्रण, डावीकडे दोन. प्रत्येक नळी 'तात्पुरती' होती. आई किडनी द्यायला तयार, रक्तगट जुळलेला, आणि आम्ही जोडायला शीर शोधत बसलो. फिस्टुला मात्र दोनदा पुढे ढकललेली, एकदा गणपतीसाठी, एकदा घराच्या कामासाठी. मला याचा फार त्रास होतो, कारण हे टाळता येतं.

घरात दाता असेल तर त्याच्या तपासण्या आजच सुरू करा. डायलिसिसआधीच प्रत्यारोपण झालं तर नळीची वेळच येत नाही. आणि वडिलांच्या ज्या हातावर फिस्टुला होणार, त्यातून रक्त काढू देऊ नका. तपासणीचं रक्त पंजाच्या मागच्या बाजूने घ्यायला सांगा. याच आठवड्यात नेफ्रॉलॉजिस्टना भेटा.

प्रश्न : 'बंद शिरा उघडणारा' काढा ऑनलाइन मिळतो. तीन महिन्यांचा कोर्स आहे. घ्यावा का?

नाही. व्रणाने बुजलेली शीर काढ्याने उघडत नाही. अशा काही औषधांत जड धातू सापडले आहेत, ते उरलीसुरली किडनीही घालवतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. घेऊन झाला असेल तर बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : एक मध्यस्थ पैसे घेऊन दाता मिळवून देतो म्हणतो.

गुन्हा आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात यासाठी पाच ते दहा वर्षं कैद आणि किमान वीस लाख दंड आहे. घरात दाता नसेल तर रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाला भेटून मेंदूमृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव घाला.

प्रश्न : फिस्टुलाच्या हातावर बीपी मोजलं तर चालतं का?

नाही. सलाईन नको, घट्ट बांगडी नको, लोकलमध्ये त्या कोपराला पिशवी अडकवणंही नको. रोज सकाळी तिथे बोटं ठेवा, थरथर लागली पाहिजे. लागली नाही तर त्याच दिवशी डायलिसिस सेंटर गाठा.