पहिल्याच सत्रात केटी लागली, म्हणजे शाखा चुकली का?

निकाल लागले की ठाण्यातल्या माझ्या समुपदेशन केंद्रात एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येते. एम.एस्सी.ला किंवा एम.टेक.ला हौसेने गेलेली मुलं पहिल्या सत्रानंतर समोर बसतात आणि म्हणतात, "मॅडम, माझी शाखाच चुकली." आज त्यातलं भूजलशास्त्राचं उदाहरण घेते, कारण या विषयाने मलाच एक नेमकं उत्तर पुरवलं. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

ऋतुजा कळव्याची, आजोळ शहापूर तालुक्यातलं. तानसा, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं त्याच तालुक्यात, आणि एप्रिल-मे उजाडला की पाड्यांवर टँकर. एवढा पाऊस पडून पाणी जातं कुठे, हा प्रश्न तिला लहानपणापासून छळत होता. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बेसाल्ट या कठीण काळ्या खडकाचा. पाणी धरून ठेवायला त्यात भेगा, सांधे आणि झिजलेला थर एवढीच जागा; बाकीचं उतारावरून वाहून जातं. हे ती मला इतकं रंगून सांगत होती की क्षणभर मी तिच्या वडिलांकडे पाहिलं. ते मात्र बँकेच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन आले होते.

भूजलप्रवाहाच्या पेपरला तिला केटी लागली होती. बारावीनंतर गणिताला हात लावलेला नाही आणि इथे पानापानावर समीकरणं.

"मला जमणारच नाही. आणि जमलं तरी नोकरी कुठाय?"

हे दोन प्रश्न मुलं नेहमी एका दमात विचारतात. मी ते आधी एकमेकांपासून वेगळे करून घेते. नोकरीचा प्रश्न माहितीने सुटतो. केंद्रीय भूजल मंडळातल्या भूजलशास्त्रज्ञांच्या पदांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग भूवैज्ञानिक परीक्षा घेतो आणि तिथे भूशास्त्राचीच पदव्युत्तर पदवी लागते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, शिवाय सल्लागार कंपन्या, पाणलोटाची कामं करणाऱ्या संस्था आहेत. जागा मोजक्या असतात, हेही मी वडिलांना स्पष्ट सांगितलं. खोटा धीर देण्याच्या मी विरुद्ध आहे.

"जमणारच नाही" हा मात्र निकाल होता आणि त्याला पुरावा फक्त एका केटीचा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर माझी भिस्त आहे: माणसाला घटनेपेक्षा घटनेवर त्याने दिलेला निवाडा जास्त छळतो. पण हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. मी विषय बदलला.

"विहिरीच्या भोवतीचा खडक किती पाणी देईल, हे तुम्ही कसं ओळखता?"

ती सरसावून बसली. "उपसा चाचणी घेतो. पंप लावायचा आणि ठरावीक वेळाने पातळी मोजत राहायची."

"पहिल्या पाच-दहा मिनिटांत कळत असेल ना?"

"छे! आपल्या विहिरी केवढ्या रुंद! सुरुवातीला उपसतो ते विहिरीत साठलेलंच पाणी. खडकातून किती येतंय ते नंतर कळतं. पहिल्या आकड्यांवरून निष्कर्ष काढला तर सर वही तोंडावर मारतील."

"मग स्वतःची चाचणी तू किती वेळ घेतलीस?"

ती गप्प झाली. मीही. अशा वेळी तोंड बंद ठेवणं हे माझ्या मते या व्यवसायातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि इतक्या वर्षांत ते मला बऱ्यापैकी साधलंय. वडिलांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, त्यांना मी हातानेच थांबवलं.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "पहिल्या सत्रात संपलं ते बी.एस्सी.चं साठलेलं. माझं अजून मोजलंच नाहीये."

हेच मी माझ्या भाषेत सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा रडली असती. मूल ज्या विषयावर प्रेम करतं, त्याच विषयात त्याला न्यायाने विचार करता येत असतो. तो न्याय स्वतःला लावायचं तेवढं राहून गेलेलं असतं.

घरचा अभ्यास म्हणून तिला सांगितलं, ज्या समीकरणाने रडवलं त्याचा कर्ता शोधून ये. पुढच्या वेळी ती हसतच आली. १९३५ सालचं ते थाइसचं समीकरण. थाइस भूशास्त्रज्ञ, आणि गणितासाठी त्याने ल्युबिन नावाच्या गणितज्ञ मित्राची मदत घेतली होती. उष्णता पदार्थातून कशी पसरते याचं गणित आधीपासून होतं, तेच पाण्याला लावलं. ऋतुजाने त्याच आठवड्यात सिव्हिलच्या एका मैत्रिणीला गाठलं. केटी सुटली, गुण बेताचेच आहेत.

अशा स्थितीत असाल तर आधी अडचण नेमकी करा. "गणित जमत नाही" हे फार मोघम झालं. लॉगरिदम अडतोय, की अवकलन, की आलेख वाचणं? खडकातून पाणी किती वाहतं हे सांगणाऱ्या डार्सीच्या नियमाला गुणाकार-भागाकार पुरतो, तिथून सुरुवात करा. मदत मागायला लाजू नका. पालकांनी पर्यायी परीक्षांचे फॉर्म निदान दुसऱ्या सत्राच्या निकालापर्यंत कपाटात ठेवावेत.

आणि खरंच शाखा चुकली असेल तर? तीही शक्यता असते. परीक्षा संपल्यावर पंधरा दिवस पुस्तक मिटून ठेवा. त्या काळात एखादी विहीर, रस्त्याकडेचा कापलेला डोंगर पाहून काही विचारावंसं वाटलं, तर याच शाखेत थांबा. काहीच वाटलं नाही आणि दुसऱ्या सत्रानंतरही तसंच राहिलं, तर शाखा बदला. त्यात कमीपणा नाही, मात्र प्रवेशाच्या तारखा आधी पाहून ठेवा.